ग्वाल्हेरचं शून्य आणि धनू राशीतला काळोख

जूनमध्ये ग्वाल्हेरला हौसेनं कुणी जात नाही. आतेबहिणीच्या मुलाची मुंज होती म्हणून गेलो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आत्याच्या घराच्या भिंती हातभर जाड, तरी दुपारी पंखा झळाच फेकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटेच आतोबांनी हलवून उठवलं, "चल, ऊन चढायच्या आत तुला शून्य दाखवून आणतो." आतोबा भौतिकशास्त्राचे निवृत्त मास्तर, त्यांना नाही म्हणता येत नाही.

किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर, एकाच खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. इतकं छोटं, की गप्पांच्या नादात मागेच राहावं. आत विक्रम संवत 933 चा, म्हणजे इ. स. 876 चा शिलालेख: देवाच्या फुलबागेला 270 हात लांब, 187 हात रुंद जमीन आणि रोज 50 हार. त्या 270 आणि 50 मधलं शून्य चिमुकलं, पण थेट आपल्यासारखं गोल.

"एकटं असतं तर दगडाला टवका उडालाय म्हणून सोडून दिलं असतं," आतोबा म्हणाले. "शेजारी पाच आहे, म्हणून कळलं."

रात्री लाइट गेली आणि सगळे गच्चीवर. दक्षिणेला वृश्चिकाची नांगी लख्ख दिसत होती. तिच्या थोडं वर, डावीकडे, धनू राशीत आतोबांनी बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं. "तिथेच. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर, 26,000 प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या 40 लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर."

मधली धूळ साधा प्रकाश अडवते, म्हणून राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ या खगोलशास्त्रज्ञांच्या गटांनी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात तिथल्या ताऱ्यांवर वर्षानुवर्षं पाळत ठेवली. एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत कृष्णविवराभोवती एक फेरी मारतो. मे 2018 मध्ये तो अगदी जवळून गेला, सेकंदाला 7,000 किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं. या पाळतीला 2020 चं नोबेल मिळालं. म्हणजे पुन्हा शेजारचा पाचच!

"पण एखादं कृष्णविवर वायू गिळून वाढतंय हे कसं कळतं?" मी विचारलं.

वायू सरळ आत पडत नाही म्हणे. गरगरत त्याची चकती होते, घर्षणानं तापते आणि क्ष-किरण फेकते. ते आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत, म्हणून 2015 मध्ये सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅटसारख्या दुर्बिणी वर लागतात. चकती किती उजळते यावरून खुराक कळतो आणि ती किती झपाट्यानं लुकलुकते यावरून आकार. कारण प्रकाशाला जे ओलांडायला तास लागतो, ते सगळं मिनिटात उजळू शकत नाही. फार हावरटपणा केला, तर तोच प्रकाश येणाऱ्या वायूला मागे ढकलतो. मग विश्व तरुण असतानाच काही कृष्णविवरं एवढी अगडबंब कशी झाली? मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे न सुटलेलं कोडं.

"आपल्या आकाशगंगेतलं मात्र सध्या जवळजवळ उपाशीच," आतोबा म्हणाले. "एकादशी."

"आमच्या घरात तर एकादशीलाच दुप्पट लागतं," आत्या अंधारातून म्हणाली.

आपल्या या कृष्णविवराचा फोटोही उशिरा आला. एम-87 या दुसऱ्या दीर्घिकेतलं कृष्णविवर आणि हे, दोन्ही टिपली 2017 मध्येच. पहिल्याचं चित्र 2019 ला प्रसिद्ध झालं, याचं 2022 ला. याच्याभोवतीचा वायू काही मिनिटांत फेरी पुरी करतो, त्यामुळे चित्र सारखं हलतं. सकाळच्या मुंजीत बटूचा एक फोटो धड आला नव्हता, ते आठवून मी एकटाच हसलो.

तेवढ्यात लाइट आली. शेजारच्या गच्चीवरचा दिवा भसकन पेटला, धनू गेली, आणि खालून हाक आली, कूलरमध्ये पाणी कोण भरतंय?