बोटाला सुकलेलं, पाण्याला ओलं

एपॉक्सीला, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून कडक होणाऱ्या लेपाला, घाई चालत नाही, आणि नवा फिशटँक मांडणाऱ्याला नेमकी घाईच असते. थर्मोकोल कोरून केलेल्या खडकावर एपॉक्सीचा हात मारला, दुसऱ्या दिवशी बोट लावलं, चिकटलं नाही; मग काय, सोडा पाणी! पण तेव्हा आतली रासायनिक क्रिया अजून चालूच असते. 25 अंश सेल्सिअसला बहुतेक एपॉक्सी पूर्ण कडक व्हायला आठवडाभर घेतात, थंडीत त्याहून जास्त. तोवर हार्डनरमधली अमाइन नावाची मोकळी रसायनं पाण्यात उतरतात, आणि माशांना तक्रार करायची सोय नसते.

लवकर आवळावं म्हणून हार्डनर थोडा सढळ हाताने ओतणं हा तर हमखास फसणारा उद्योग. रेझिनशी ठरलेल्या मापातलाच हार्डनर जोडला जातो. उरलेला थरातच अडकून पडतो आणि थर चिकट राहतो. इथे अंदाजपंचे कामाचं नाही. डब्यावर 2:1 लिहिलं असेल, तर ते वजनाने की आकारमानाने, हे आधी वाचावं, कारण दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते. कपाच्या कडा आणि तळ खरवडत तीन मिनिटं ढवळावं, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळावं. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन हटकून राहतं. मिश्रण लगेच पसरट ताटलीत काढावं. खोल कपात ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि बघता बघता दगड होतं.

एपॉक्सी थर्मोकोलला खात नाही. पॉलिएस्टर रेझिन त्यातल्या स्टायरिनमुळे खातं. दोन-तीन पातळ थर पुरतात, आधीचा जरासा चिकट असतानाच पुढचा. ती वेळ हुकली तर 120 नंबरचा पॉलिश पेपर आलाच. दमट हवेत वर मेणचट साय धरते. ती घासण्याआधी साध्या पाण्याने धुवावी, नाहीतर घासताना सगळीकडे पसरते. शेवटच्या ओल्या थरावर कोरडी वाळू भुरभुरावी.

काचेचा सांधा गळत असेल तर मात्र एपॉक्सीचं नाव काढू नये. पाण्याच्या दाबाने काच किंचित वाकते, ताठ एपॉक्सी तिथे सुटते. ते काम सिलिकॉनचं. भरल्या टँकमध्ये प्रवाळाचा तुकडा बसवायला एपॉक्सी पुट्टीची कांडी चालते: हातमोजे घालून दोन रंगांचा एक होईपर्यंत मळायची, गोळा छोटाच ठेवायचा. त्यानंतर स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) दिवसभर फेस ओकला तर घाबरू नये.

तयार खडक वजन ठेवून बादलीत दोन-तीन दिवस बुडवावा. वास आला किंवा पाण्यावर तवंग दिसला, तर आणखी एक आठवडा थांबावं. टँकमध्ये तो आधी सिलिकॉनने काचेला चिकटवावा, सिलिकॉनही पुरतं सुकू द्यावं, मगच पाणी भरावं. लिटरभर आकाराचा थर्मोकोल जवळजवळ किलोभर जोराने वर येतो.