पायाला लागलेली सवय

मे महिन्यातल्या ज्या दुपारी ती गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली, त्या दुपारी चाळीसगावात पारा 44 अंशांवर होता आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची तक्रार एकच होती, ए.सी. थंड करत नाही. भडगाव तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी, आबा, 2011 सालची डिझेलची लहान गाडी घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे सून, मुलगा आणि दोन नातवंडांना घेऊन कन्नडच्या घाटाने वेरूळला घृष्णेश्वराच्या आणि तिथून खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जायचे होते. लेकरांना उकाडा सोसत नाही, तेवढा गॅस भरून द्या, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

गाडी आत घेण्यासाठी मी स्वतः बसलो. दारापासून लिफ्टपर्यंत जेमतेम तीस फूट अंतर, पण तेवढ्यात ब्रेकचे पेडल जवळजवळ तळाला टेकले आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर कुठे गाडी थांबली. बाजूला उभ्या असलेल्या आबांकडे मी पाहिले, तर त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. दोनदा पेडल मारणे ही त्यांच्या दृष्टीने त्या गाडीची रीतच झाली होती.

बॉनेट उघडल्यावर आधी ब्रेक ऑइलची टाकी पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते आणि त्याचा रंग उकळून आटवलेल्या काढ्यासारखा झाला होता. टाकीच्या झाकणावर जी वायर लागलेली असते, ती कोणीतरी काढून टेपने गुंडाळून ठेवली होती. ऑइल कमी झाले की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावणारी ती वायर. दिवा सारखा पेटत होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा गॅरेजात 'दिवा दुरुस्त करून' घेतला, असे आबांनी सहज सांगितले. मला त्या क्षणी जो राग आला तो आबांवर नव्हता. दिवा का पेटतो हे ज्याला कळत होते, त्याने तो विझवला होता. ब्रेक पॅड झिजतात तसे त्यांना चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागची जागा भरायला ऑइल खाली उतरते आणि टाकीतली पातळी घटते. म्हणजे तो दिवा बिघडलेला नव्हताच, उलट त्या गाडीत खरे बोलणारी तेवढी एकच वस्तू उरली होती.

गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा उरलेले उघडे पडले. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या पॅडचे मटेरियल पूर्ण संपून मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासत होती आणि डिस्कवर बोटाला लागतील अशा खोल चऱ्या पडल्या होत्या. मागच्या उजव्या ड्रममध्ये ऑइलच्या दाबाने ब्रेकचे लायनर पसरवणारा व्हील सिलेंडर गळत होता आणि ते लायनर ब्रेक ऑइलमध्ये भिजले होते. टायर बाहेरून बघणाऱ्याला बरे दिसत होते, पण पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड गोटा होऊन तारा उघड्या पडल्या होत्या. नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल असावी लागते; इथे ती मोजायला काही शिल्लकच नव्हते. टायरवर छापलेले चार आकडे 1116 होते, म्हणजे 2016 सालच्या अकराव्या आठवड्यातले टायर. शेवटी स्टिअरिंगबरोबर चाक वळवणारा दांडा, म्हणजे टाय रॉड पाहिला. त्याच्या टोकाचे रबर फाटून आत माती गेली होती आणि ज्या नटात तो सुटू नये म्हणून कॉटर पिन असायला हवी, तिथे कुंपणाची तार पिळून घातली होती.

मी सांगू लागलो तेव्हा आबा जे बोलले ते आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक गाडीवाला बोलतो, "काही व्हत नही भाऊ, गाडी चालस ना!" गाडी चालत होती हे खरेच होते. अशा गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, पुढचे एक चाक आणि मागचे तिरके एक चाक मिळून एक. त्यामुळे एक लाइन अशक्त झाली तरी दुसरीवर निम्मे काम भागते. त्यात बिघाड एका दिवसात होत नाही. पेडल रोज केसभर खाली जाते आणि पाय रोज केसभर जास्त दाबायला शिकतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिला फिटनेसची तपासणी नसते. भाड्याच्या गाडीला ती ठरावीक काळाने द्यावीच लागते. घरच्या गाडीत मात्र आपलीच लेकरे बसलेली असतात आणि तिच्या खाली कोणी वाकून पाहत नाही.

इथून कन्नडला जाताना घाट चढणीचा आहे, ब्रेकला फारसे काम नाही. संध्याकाळी परतताना मात्र तोच घाट उताराचा होतो, माणसे थकलेली असतात आणि गाडी भरलेली असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट 3 दर्जाचे ताजे ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ती मर्यादा 140 अंशांच्या आसपास येते. वळणावळणाला पाय ब्रेकवर ठेवून उतरले तर तापलेल्या डिस्कची उष्णता त्या ऑइलपर्यंत पोहोचते, त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल नुसते खाली जाते. आबांची केळी ठिबकवर आहेत. ठिबकच्या नळीत, लॅटरलमध्ये हवा धरली की पाणी शेवटच्या झाडापर्यंत जात नाही, तसेच हे आहे, असे मी म्हणालो तेव्हा ते पहिल्यांदा नीट ऐकू लागले.

मग त्यांना लिफ्टखाली नेले आणि पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवायला सांगितले. चाक खडखडले. त्यांनी पुन्हा हलवून पाहिले, त्या तारेकडे पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्याची गाडी अडवून ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच एक गाडी मी 'ब्रेक बघून घ्या' एवढे तोंडी सांगून सोडली होती. ती पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही आणि तिचे पुढे काय झाले हे मला आजतागायत ठाऊक नाही. म्हणून या वेळी स्पष्ट सांगितले, की ए.सी.ला मी हात लावणार नाही. आणलेले पैसे आधी ब्रेक आणि टाय रॉडला लावू, टायरचे उरलेले केळीचा माल गेल्यावर द्या. मुलाला फोन झाला, थोडी वादावादी झाली, आणि वेरूळला घरची माणसे शेजाऱ्याच्या जीपने गेली.

कामाला दोन दिवस लागले. पॅड, दोन्ही डिस्क, मागचे सिलेंडर आणि लायनर, दोन्ही टाय रॉड एंड आणि पुढचे दोन टायर बदलले, अलाइनमेंट केली, सगळे ऑइल काढून नवे भरले आणि चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली. ती वायर टाकीला पुन्हा जोडली आणि दिवा पेटतो-विझतो हे आबांना दाखवले.

गाडी घेऊन ते निघाले आणि फाटकाशी ब्रेक मारताच गाडी जागच्या जागी अशी थांबली, की त्यांची छाती स्टिअरिंगवर आदळता आदळता वाचली. पाय अजून जुन्याच अंदाजाने दाबत होता. मी शेजारी बसलो आणि आम्ही धुळे रस्त्याला चार-पाच किलोमीटर हळूहळू जाऊन आलो, तोवर त्यांनी निदान तीसेक वेळा ब्रेक दाबून पाहिला असेल.