बडा घर पोकळ वासा!
आज क्रूझ स्टॉकहोमला लागली. आईला घेऊन वासा म्युझियम बघितलं, आत वासा नावाचं अख्खं लाकडी जहाज उभंय, १६२८ साली पहिल्याच सफरीत बंदरातच कलंडून बुडालेलं, वरचा भाग जड, खाली वजन कमी, त्यात ६४ तोफा, वाऱ्याचा झोत आला नि खेळ खल्लास! १९६१ ला बाहेर काढलं. बाल्टिकचं पाणी कमी खारं, लाकूड पोखरणारे किडे तिथे टिकत नाहीत म्हणून शाबूत राहिलं. नाव ऐकून आई म्हणे, "बडा घर पोकळ वासा!" मी हसतोय तर हळूच, "आपल्या बोटीला खाली वजन आहे ना रे पुरेसं?" पुढे गमला स्तानच्या (तिथलं जुनं शहर) दगडी गल्ल्यांत तिचे गुडघे बोलायला लागले, मग बाकावर बसून दालचिनीचा बन आणि कॉफी (चहाची आठवण अर्थातच चालू). संध्याकाळी बोटीवर चढताना मला पुढे पाठवलंन.