सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने घास घेईपर्यंत

नेपाळचं आमचं प्लॅनिंग म्हणजे पशुपतिनाथ, पोखरा आणि परत. पोखऱ्यात ढग होते, माछापुच्छ्रेचं शिखर काही दिसलं नाही, संपलं पोखरा. सोनौलीच्या बॉर्डरहून बसने काठमांडूला जायचा विचार असेल तर करू नका, निदान सत्तरी पार केलेलं माणूस बरोबर असेल तर नकोच, पण आमच्या बाबांना विमानाचे पैसे वाचवायचे होते आणि बॉर्डर पायी ओलांडायची हौसही होती. ती हौस पहिल्या घाटातच फिटली. आपल्या शंभराचे तिकडे १६० होतात हा एकच आनंद त्यांनी रस्ताभर धरून ठेवला होता, प्रत्येक चहाला गुणाकार.

लिहायचंय ते काठमांडूजवळच्या भक्तपूरबद्दल. न्यातपोल देवळाबद्दल नाही, ते १७०२ सालचं पाच मजली देऊळ २०१५ च्या भूकंपातही उभं राहिलं वगैरे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. लिहायचंय एका जेवणाबद्दल, ज्यात मी भुकेने जवळजवळ रडकुंडीला आले होते.

झालं असं की भावाच्या पुण्यातल्या ऑफिसात भक्तपूरचा एक नेवार मुलगा आहे, नेवार म्हणजे काठमांडू खोऱ्यातला मूळचा समाज. त्याच्या आजोबांचा जंकू नेमका त्याच आठवड्यात होता, आणि आम्ही काठमांडूत आहोत कळल्यावर त्याने या म्हणजे याच असा धोशा लावला. जंकू म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा सोहळा. माणूस ७७ वर्षं, ७ महिने, ७ दिवस, ७ घटका आणि ७ पळांचा झाला की पहिला जंकू, त्याला भीमरथारोहण म्हणतात. सात घटका म्हणजे २ तास ४८ मिनिटं, हे बाबांनी लगेच मोबाईलवर काढलं. पुढे हजार पौर्णिमा झाल्या की दुसरा, आणि ८८ वर्षं ८ महिने ८ दिवसांना आणखी एक. आपल्याकडे सत्तरीला भैमरथी शांत करतात, ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन, तेव्हा अगदीच अनोळखी मामला नव्हता. फरक एवढाच की तिकडे खरोखरचा रथ असतो! आजोबा आणि आजी दोघांना नटवून लाकडी रथात बसवलं आणि मुलगे-नातू दोर ओढत विटांच्या गल्लीतून घेऊन निघाले, पुढे बाजा, वरून फुलं, अबीर. आजोबांना तिकडे बाज्या म्हणतात. बाज्या सगळा वेळ घाबरलेले दिसत होते कारण रथ प्रत्येक खड्ड्यात गचके खात होता. आजी मात्र मस्त मजेत. या विधीनंतर माणूस जवळजवळ देवाच्या रांगेत गेला असं मानतात, त्यामुळे गल्लीतली अनोळखी माणसंसुद्धा पुढे येऊन पाया पडत होती. काहीशे वर्षांपूर्वी तिथे या सोहळ्याची आठवण म्हणून उष्णीषविजया देवीची चित्रं काढून घ्यायचे, पौभा म्हणतात त्यांना, आणि काहींच्या खालच्या पट्टीत रथातले म्हातारा-म्हातारी आणि मागे अख्खं कुटुंब रंगवलेलं असतं. आपण फोटोग्राफर बोलावतो तसंच, पण टिकाऊ.

मग जेवण. या पंगतीला भ्वय् म्हणतात. बारा वाजता बसायचं असं सांगितलं होतं. बसलो बाराला, अन्न तोंडात गेलं पावणेतीनला.

लांबलचक खोलीत भिंतीला धरून सुकुलांची, म्हणजे गवती चटयांची पट्टी अंथरलेली, समोर सालाच्या पानांची पत्रावळ, आणि बसायचं वयाप्रमाणे. म्हणजे अक्षरशः वयाप्रमाणे. दाराशी एक मध्यमवयीन गृहस्थ उभे राहून हे लावत होते, बाबांना विचारलं बुवा किती वर्षं? बाबा म्हणाले चौऱ्याहत्तर. त्यांना उचलून थेट वरच्या टोकाकडे नेलं, मी मागे जायला लागले तर मला हसून खालचं टोक दाखवलं. माझ्या डावीकडे कॉलेजची पोरं, मोबाईलवर गेम. समोरच्या बाजूला एक दोहाहून सुट्टीवर आलेला, मनगटावर भलंमोठं घड्याळ, त्याने म्हणे या कार्यक्रमाचा निम्मा खर्च केलाय, आणि तो बसला होता किराणा दुकानात पुड्या बांधणाऱ्या आपल्या चुलत काकांच्या तीन पानं खाली. त्याला यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, कारण मी आमच्या घरातली लग्नं पाहिली आहेत, तिथे कोण पुढच्या सोफ्यावर बसतो ते सगळ्यांना माहीत आहे.

अगदी वरचं पान थकालीचं. भावकीतला सगळ्यात मोठा पुरुष म्हणजे थकाली, आणि हे बाज्या नव्हते, त्यांच्याहून मोठे एक होते, दुसरा जंकूसुद्धा झालेले, पाठीत पूर्ण वाकलेले. नियम असा की थकालीने घास घेतल्याशिवाय कोणी घ्यायचा नाही आणि थकाली उठल्याशिवाय कोणी उठायचं नाही. सुंदर आहे ना ऐकायला? आता कल्पना करा की पान वाढलेलं आहे, पोहे (त्यांचे बजि, आपले जाड पोहे, पण कोरडेच, फोडणी नाही काही नाही), काळे सोयाबीन, आलं, उडदाचे वडे, बांबूच्या कोंबाची आंबट भाजी, म्हशीच्या मटणाचे चार प्रकार जे आम्ही घेतले नाहीत, आणि थकाली अजून आलेलेच नाहीत, कारण ते पूजेच्या जागेवरून सावकाश चालत येतायत आणि त्यांना घाई करायची छाती कोणाची नाही.

बाबांना डायबिटीस आहे. मला लांबून त्यांचा चेहरा दिसत होता. मी उठून वाढणाऱ्या एका सुनेला हळूच सांगितलं की त्यांना थोडं काहीतरी आधी द्या. तिने मान हलवली आणि ती आत नाही गेली, तोपर्यंत थकाली येऊन टेकले होते, ती सरळ त्यांच्या कानाशी वाकली. ते बाबांकडे बघून काहीतरी बोलले, आणि अजून मंत्र की काय ते चालूच होतं तरी चिमूटभर पोहे उचलून तोंडात टाकले. बस्स. अख्ख्या खोलीत एकदम हात चालू झाले. पूजा सांगणाऱ्याने थोडं वळून पाहिलं आणि पुढे चालू ठेवलं.

मला तोपर्यंत वाटत होतं की म्हाताऱ्याला वर बसवलंय ते शोभेला. पण नियम त्यांच्यासाठी होता तसा मोडायचा हक्कही त्यांचाच होता, दुसऱ्या कोणी बाबांना केळं जरी दिलं असतं तरी तो अपमान झाला असता.

त्यानंतर जेवण दीड तास. आयला नावाची घरची दारू एक बाई उंचावरून बारीक धार धरून मातीच्या वाटीत ओततात, थेंब सांडत नाही. लप्सी नावाच्या फळाचं आंबट पाणी, मग भक्तपूरचं प्रसिद्ध जुजु धौ, मातीच्या भांड्यात लावलेलं दही, त्यासाठी मी परत कंबर मोडून सोनौलीमार्गे यायला तयार आहे. शेवटी मुळा, मटार, फळं. आणि मग सगळे बसून, कारण थकालींना दात कमी आणि मुळ्याची फोड मोठी. माझा पाय बधीर होऊन परत जागा होऊन परत बधीर झाला. पोरं गेम खेळत होती पण उठलं कोणी नाही.

एक खटकलंच, लिहिते. या सगळ्या वेळात सुना उभ्या होत्या. ज्येष्ठ बाईला, थकाली नकिंना, भरपूर मान आहे, सगुन, म्हणजे शकुनाचा घास, त्यांच्या हातूनच दिला जातो, पण ते पद यायला सत्तरी गाठावी लागते, तोवर वाढा. त्या जेवल्या पाच वाजता, उरलेल्या वड्यांवर. आपल्या गौतम धर्मसूत्रात जेवू घालायचा क्रम दिलाय, पाहुणे, लहान मुलं, आजारी, गरोदर बाई, घरच्या लेकीबाळी, म्हातारी माणसं हे सगळे आधी आणि घरधनी मागून. म्हणजे कागदावर बायकांचंही नाव वर आहे. कागदावर.

त्या मुलाला विचारलं, हे किती दिवस टिकेल? तो म्हणाला गुठी आहे तोपर्यंत. गुठी म्हणजे भावकीचं किंवा आळीचं मंडळ, मयतापासून जत्रेपर्यंत सगळं तेच बघतं, काहींच्या नावे जमिनी आहेत. लिच्छवी राजांच्या काळातल्या शिलालेखांत गोष्ठी म्हणून उल्लेख सापडतात, म्हणजे दीड हजार वर्षं मागे. २०१९ मध्ये सरकारने गुठ्यांचा कायदा बदलायला काढला तेव्हा जूनमध्ये काठमांडूच्या माइतीघर चौकात हजारो लोक उतरले आणि विधेयक मागे घ्यावं लागलं. तोही गेला होता म्हणे, पुण्याहून रजा टाकून, कारण आजोबांनी फोन करून ये म्हटलं होतं.

परतीचा प्रवास विमानाने केला, बाबांनी स्वतः बुक केलं.

आता पुढच्या वर्षी बाबांची पंचाहत्तरी, म्हणजे ऐंद्री शांत. माझ्या आत्याच्या सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा बुफे होता, आजोबा स्टेजवर फोटोंना आणि खाली चारशे माणूस जेवून हात धुवून गेलं, त्यांची प्लेट कोणीतरी तीन वाजता आणली, पनीर गार. म्हणून मी फॅमिली ग्रुपवर टाकलं की पंगत करूया, वयाने बसवूया, वाढायला पुरुष. त्यावर मोठ्या काकांनी अंगठा दिला, धाकट्या काकांनी हॉलवाल्याचं कोटेशन टाकलं, पंगतीला पानामागे जास्त आणि वाढप्यांचे वेगळे, आणि काकू विचारतेय की आपल्यात सगळ्यात मोठं नक्की कोण, कारण बाबांच्या दोन चुलत भावांत सहा महिन्यांचा वाद चाळीस वर्षं चालू आहे. जन्मदाखले मागवलेत.