नवस पूर्ण झाला नाही, तरी वारी केली

आधीच सांगतो, मी काही फार धार्मिक माणूस नाही. इंदूरचा, पीथमपूरला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला नोकरी, म्हणजे दिवसभर काम एकच, कोणी म्हटलं हे काम करतं की विचारायचं, टेस्ट कुठेय? दादा व्हेंटिलेटरवर होता तेव्हा आईने नवस बोलला, बरा झाला तर पायी पंढरपूर करीन. वय 76, गुडघे गेलेले. आम्हीही सगळे करतच होतो काहीबाही, वहिनीचं पारायण, मावशी रोज पंढरीनाथाच्या देवळात, मी स्वतः हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रामरक्षा म्हटली, अर्धी विसरलो होतो तरी. अकराव्या दिवशी दादा गेला.

वर्षश्राद्ध झालं आणि आई म्हणाली, माझी वारी राहिलीय रे. मी म्हटलं आई, नवस पूर्णच झाला नाही तर फेडायचा काय? तर म्हणे, "मी देवाला अट घातली, तेच चुकलं. ते फेडायचंय." यावर काय बोलणार! ती जाऊ शकत नव्हती म्हणून मी निघालो. पुण्याच्या मामेभावाच्या ओळखीने एका दिंडीत पैसे भरले, बॅगेत दोन किलो सेव आणि जीरावनची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, पुडी टाकली (दिंडीतले लोक पोह्यांवर जीरावन बघून आधी हसले आणि मग रोज मागायला लागले) आणि आळंदीहून चालायला लागलो.

दिवे घाटाबद्दल लिहीत नाही, सगळे तेच फोटो टाकतात. पायांना फोड आले एवढंच.

जेजुरीला पालखीवर भंडारा उधळतात, सगळे पिवळेधम्मक. आम्हा इंदूरवाल्यांना जेजुरी जवळची, मल्हारी मार्तंड म्हणजे होळकरांचं कुलदैवत, आपल्या राजवाड्यातही त्याचं देऊळ आहे. आणि तिथेच बसून माझ्या डोक्यात अहिल्याबाई आल्या. काशीपासून रामेश्वरापर्यंत या बाईने देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, देवाच्या खात्यात एवढं पुण्य जमा असलेलं दुसरं माणूस दाखवा मला. आणि तिच्या वाट्याला काय आलं? 1754 ला नवरा कुंभेरीच्या वेढ्यात गेला, 1766 ला सासरे मल्हारराव, 1767 ला एकुलता एक मुलगा मालेराव आणि शेवटी जावई गेल्यावर मुलगी मुक्ताबाई तिच्या डोळ्यांसमोर सती गेली. मागून मिळत असतं तर या बाईला मिळालं नसतं का? बरं, म्हणून देव नाही असंही धड म्हणता येत नाही, तिने स्वतः तसं म्हटलं नाही, ती पूजा करतच राहिली. मला तेव्हा याचा रागच आला खरं तर.

वाल्ह्याच्या पुढे टँकरच्या लायनीत परभणीकडचे एक काका भेटले, सोयाबीनवाले. बोलता बोलता मी त्यांना तो अमेरिकेतला अभ्यास सांगितला. 2006 मध्ये छापून आला, सहा हॉस्पिटल, बायपासचे 1802 पेशंट, तीन गट केले. काहींसाठी अनोळखी लोकांनी 14 दिवस प्रार्थना केली, काहींसाठी नाही, आणि या दोन्ही गटांना ते कळू दिलं नाही. तिसऱ्या गटाला सांगून प्रार्थना केली. ऑपरेशननंतर त्रास झालेले किती, तर प्रार्थनावाले 52 टक्के, बिनप्रार्थनावाले 51, आणि ज्यांना माहीत होतं ते 59! म्हणजे फायदा शून्य, आणि सांगून केली तर उलट जास्त त्रास. मी जरा विजयी चेहऱ्यानेच सांगितलं असणार.

काकांनी बाटली भरली, झाकण लावलं. म्हणाले, "आमच्याकडं कृषीवाले प्लॉट टाकतात. येका पट्ट्याला फवारा, येकाला नाही. मधी मोकळी जागा सोडावी लागती, नाहीतर वारं फवारा इकडचा तिकडं नेतं आन् प्लॉट बाद. तुमच्या त्या बिनप्रार्थनेच्या लोकांच्या आया काय घरी गप बसल्या व्हत्या?"

मी गारच. बरोबर आहे हो! पंधरा वर्षं क्यूसीत काढली आणि हे मला सुचलं नव्हतं. घरच्यांनी करायची ती प्रार्थना कोणी थांबवली नव्हती, थांबवणार कशी. पण मग पुढचा विचार असा येतो की असं असेल तर हे टेस्टच होऊ शकत नाही, आणि जे टेस्ट होऊ शकत नाही त्यावर कोणीही काहीही बोलावं. बरा झाला तर देवाने ऐकलं, गेला तर देवाची इच्छा. असा रिपोर्ट माझ्या टेबलवर आला तर मी सही करणार नाही. हे काकांना म्हटलं तर म्हणाले, "मी तर दोन वरसं झाली बोलतच नाही त्याच्याशी. सोयाबीन पाण्यात गेलं लागोपाठ." मग चालता कशाला? "भावाशी बोलणं बंद असलं म्हणून त्याच्या घरच्या लग्नाला जात नाही का माणूस?"

तरडगावला माझी पिशवी हरवली, आईने दिलेली, त्यात तिची तुळशीची माळ. मुक्कामाला समाजआरतीच्या आधी चोपदार हात वर करतात, तो एवढा टाळ-मृदंगाचा गजर झटक्यात बंद, लाखभर माणूस चिडीचूप, आणि मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तू पुकारतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते, मग तिचं ऐकून घेतात. माझी पिशवी पुकारली आणि अर्ध्या तासात मिळाली. देवाचं काही सांगता येत नाही पण ही सिस्टम वर्क करते बुवा, शंभर टक्के.

पंढरपूरला दर्शनाची लाइन बघूनच हिंमत गेली, नामदेव पायरीशी डोकं टेकलं, कळस बघितला, माळ चंद्रभागेच्या पाण्यात भिजवून घेतली. आईला व्हिडिओ कॉल लावला. गर्दीत काही ऐकू येत नव्हतं, ती ओरडून विचारत होती, "काही मागितलं नाहीस ना रे?" मी म्हटलं, नाही.

खोटं बोललो. पायरीशी वाकलो तेव्हा तोंडातून निघूनच गेलं, तिला रात्री झोप लागू दे, बस एवढंच. याला आता आठ महिने झाले. मी पाण्यासाठी उठतो तेव्हा देवघरातला लाइट चालू असतो, आई माळ घेऊन बसलेली, आणि घड्याळात दोन वाजलेले असतात.