बापाचा कापूस लेकाच्या नावावर

पांढरकवड्याजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळते. मागच्या हंगामात एक सभासद काका खिडकीशी आले. "बाई, माह्या नावानं आतालोक किती कापूस आला, पाहून सांगता का?" मी नाव टाकलं. एकही पावती निघाली नाही.

काका कंपनी सुरू झाल्यापासून कापूस आणत होते. मधे वाटणी झाली, फेरफार झाला, सातबारा लेकाच्या नावावर गेला. सभासद यादीत बापाचं नाव खोडून लेकाचं मीच टाकलं होतं. त्याबरोबर काट्याच्या जुन्या पावत्याही लेकाच्या होऊन बसल्या. काका काही बोलले नाहीत. पावत्यांची पिशवी परत बांधली आणि गेले. मला रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून मी डेटा वेअरहाऊस, म्हणजे जुन्या-नव्या सगळ्या नोंदींचं वेगळं कोठार, मनावर घेतलं. काट्यावरच्या सॉफ्टवेअरला आजच्याशी मतलब: गाडी लागली, वजन, ओलावा, भाव, पावती, पुढची गाडी. जुनं पुसलं गेलं तरी त्याचं काम अडत नाही. वेअरहाऊसमध्ये मात्र आलेली नोंद पुसायचीच नाही. या विषयातले जाणकार बिल इनमन यांची व्याख्या हेच सांगते: डेटा विषयवार लावलेला, ठिकठिकाणाहून आणून एकसारखा केलेला, काळासकट ठेवलेला आणि न बदलणारा.

काकांच्या बाबतीत उपाय दोन ओळींचा होता. एक ओळ बापाची, फेरफाराच्या तारखेपर्यंत. दुसरी लेकाची, तिथून पुढे. जुनी पावती जुन्या ओळीलाच बांधलेली. याच विषयातले दुसरे जाणकार राल्फ किंबॉल यांच्या पद्धतीत याला स्लोली चेंजिंग डायमेन्शन (हळूहळू बदलणारी माहिती), टाइप २ म्हणतात. मधोमध वजनांचा तक्ता, तो फॅक्ट टेबल. भोवती सभासद, गाव, तारीख यांचे तक्ते, ते डायमेन्शन.

घाम फुटला तो एकसारखं करताना. काट्यात 'पांढरकवडा', सभासद यादीत 'केळापूर', चुकाऱ्यांच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'पा.कवडा'. तालुका केळापूर आणि त्याचं मुख्य ठिकाण पांढरकवडा, हे इथलं पोरही सांगेल. कॉम्प्युटर तिन्ही वेगळे धरतो. काटा किलोत, टॅली क्विंटलमध्ये. त्यात टॅलीचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि कापसाचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, म्हणजे एकाच हंगामाचे मार्चअखेर दोन तुकडे. म्हणून तारखेच्या तक्त्यात प्रत्येक दिवसापुढे दोन्ही वर्षं लिहिली.

हे सगळं वेगळ्या मशीनवर का? आमच्या अध्यक्षांनी एकदा विचारलं होतं, "कोणत्या गावच्या कापसाची ओल कवा उतरते? पाच सालचं काढा." प्रश्न मोलाचा. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) हमीभावाने घेताना १२ टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस घेत नाही, आणि ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापते. मी भर दुपारी काट्याच्याच कॉम्प्युटरवर ती चाळणी लावली. स्क्रीन थांबली, काटा थांबला, ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत गेली. आता दिवसभराच्या नोंदी रात्री काट्यावरून उचलते, स्वच्छ करते आणि वेअरहाऊसमध्ये टाकते. वर्षांचे प्रश्न तिथं विचारायचे.

सगळ्यांना याची गरज नाही. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या ताईंना मी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांची एकच वही, प्रश्नही या महिन्याचेच; ती वही नीट ठेवली की झालं. तीन ठिकाणचा डेटा जुळवायचा असेल, मागची वर्षं विचारायची असतील, तरच हा खटाटोप करावा. आमच्या नोंदी एवढ्या थोड्या की ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेसचं फुकट सॉफ्टवेअर पुरलं.

काकांना हंगामवार क्विंटलचा छापील कागद दिला. त्यांनी पिशवी सोडून एकेक पावती त्याच्याशी लावून पाहिली. दोन जुळल्या नाहीत. लाइट नसलेल्या दिवशीच्या, हाताने लिहिलेल्या. काट्यात त्या कधी चढल्याच नव्हत्या. काकांनी त्या माझ्याजवळ ठेवल्यात. उद्या टाकते.