नवसाची घंटा टांगण्याआधी

मराठवाड्यात नवस फिटला की मारुतीला, खंडोबाला घंटा वाहतात. दुकानात ती किलोवर मिळते. लोक वजन बघतात, नाद ऐकत नाहीत.

बाजारातल्या बहुतेक घंटा पितळेच्या, म्हणजे तांबं आणि जस्त. लांबणारा नाद काशाचा: साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. कासं कडक, म्हणूनच ठिसूळही. घेताना घंटा दोरीला लटकवा, काठाच्या जाड भागावर लाकडी दांडक्याने हलका ठोका द्या आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐका. चिरका किंवा भद्द वाजला तर चिरेचा संशय घ्या. काठाला रॉकेल लावा, कोरडा पुसा, वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर थोड्या वेळात ओली रेघ उमटते.

घंटेच्या एका ठोक्यात अनेक स्वर असतात. युरोपात मनोऱ्यातल्या घंटा आतून खरवडून पाच स्वर जुळवतात: खर्जातला सा, मधला सा, कोमल गंधार, पंचम, तार सा. असा सुरात लावलेला पहिला संच हेमोनी बंधूंनी १६४४ मध्ये नेदरलँड्समधल्या झुटफेनसाठी ओतला. अशा २३ किंवा जास्त घंटांच्या संचाला कॅरिलन म्हणतात. वादक लाकडी दांड्यांवर मुठी हाणून तो वाजवतो. आपल्या घंटा अशा लावलेल्या नसतात, म्हणून शेजारी दोन टांगायच्या असतील तर दुकानातच एकत्र वाजवून बघा. आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर त्याच घडणीची घंटा दुप्पट व्यासाची लागते आणि वजन आठपट होतं: पाच किलोच्या जागी चाळीस.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे लोळा, आतला लोलक. तो घंटेपेक्षा मऊ लोखंडाचा असावा आणि काठाच्या सर्वांत जाड पट्ट्यावरच आदळावा. लांब झाला तर कडेचे टवके उडतात, आखूड झाला तर वरच्या पातळ भागावर बसून आवाज बसका येतो. ठोका देऊन लोळा लगेच सुटला पाहिजे. दोरी ओढून तो काठाला दाबून धरला की थरथरता धातू त्याच्यावरच आपटत राहतो, आणि घंटा फुटण्याचं हे मोठं कारण आहे. आरतीच्या विजेच्या यंत्रात हाच दोष राहतो. हातोडी ठोक्यानंतर मागे सरकते का, ते आवर्जून बघा. एकाच जागी खळगा पडू लागला की घंटा पाव फेरा फिरवून टांगा.

काठाला ऑइल पेंट फासू नका, नाद मरतो. जुन्या हेमाडपंती मंडपात दगडाला भोक पाडू नका. खांबांवर लोखंडी पाइप आडवा टाका. जत्रेआधी घंटा टांगायचा आकडा (हूक) काढून बघा, कडीने घासून तो आतल्या बाजूने झिजतो. तिसरा हिस्सा झिजला असेल तर बदलाच, खाली माणसं उभी असतात.

चीर गेलेल्या काशाला गावातलं आर्क वेल्डिंग करू नये. एकाच जागी उष्णता लागून शेजारी नवी चीर जाते. फुटकी घंटा ओतारीकडे द्यावी आणि त्याच धातूची नवी ओतून घ्यावी.